उजव्या हाताची नखं

डाव्या हाताची कापायची, उजव्याची राखायची,
असं वीस वर्षं चाललंय.
मार्केट यार्डात हमाल विचारतात,
दिवाणजी, व्रत हाय का कसलं?
मी म्हणतो, हाय.
हळदीच्या नमुन्यात डावा हात घालतो,
उजवा खिशात.
तरी ती शिरतेच. अंगठ्याचं नख बारा महिने
कुणाच्या तरी साखरपुड्याहून आल्यासारखं.

तर गावभागातल्या शाळेत
गिटारवाल्यांचं संमेलन भरलं.
दोन दिवस. शेवटी स्पर्धा, वयाची अट नाही.
ही शेवटची ओळ मी तोलाईच्या पावतीमागं
उतरवून ठेवली होती.

भिंतीवर पुराची खूण, छातीला लागेल इतकी वर.
तिच्याखाली बाकांवर साठेक पेट्या,
काळ्या, कमरेत आवळलेल्या,
पाणी ओसरायची वाट बघत बसलेल्या बायांसारख्या.
व्हरांडाभर माणसं माना वाकड्या करून
लाकडाशी कुजबुजत होती.
नखं घासायच्या कागदाची खरखर,
सुतारकामाची तोंडी परीक्षा असावी तशी.

मधल्या सुट्टीत भडंग आलं
आणि पुण्याचे, गोव्याचे, पार शिलाँगचे,
सगळे डाव्या हातात चमचा धरून खाऊ लागले.
मला हसू आलं.
मग दाणा घशात अडकला, की आणखी काही.
इतकी वर्षं वाटायचं,
ह्या गावात असा खाणारा मी एकटाच.

दुपारी नख तुटलं.
निमित्त पेटीच्या कडीचं. अनामिका.
माझ्या तुकड्यात अनामिका, मधलं बोट, तर्जनी
एकाच तारेवर पाठोपाठ पडतात,
ऐकणाऱ्याला वाटावं, स्वर एकच आहे, संपत नाहीये.
तिपाईचा एक पाय गेला म्हणा ना.

कोपऱ्यात मिरजेचे दस्तगीरभाई
दोन तंबोरे मांडून बसले होते.
प्रदर्शन म्हणून बोलावलेले, थांबत कुणीच नव्हतं.
त्यांनी माझं बोट धरलं, उजेडात फिरवलं,
भोपळा घेताना पारखतात तसं.
म्हणाले, ही तर तुमची जवारी.
माझ्या पुढच्या नंबरची पोरगी,
इचलकरंजीची निशिगंधा उपाध्ये, वय चौदा,
हिनं दप्तरातून टेबल टेनिसचा फुटका चेंडू काढला.
त्यांनी चकती कापली, जवारीच्या कानशीनं घासली,
तिनं डिंक लावला.
काका, फुंकर नका मारू. आपोआप वाळतं.

मग मी, खुर्ची, पायाखाली चौरंग.
वडील अडत्याकडे होते.
त्यांच्या वेळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा.
बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसे.
घरी आल्यावर ते कधी बोलले नाहीत,
कुणी किती दाबलं ते.
दिव्याच्या झोतात मला माझी बोटं दिसेनात
आणि वाटलं, आपण किती म्हणतोय
हे समोर कुणाला कळतंय का.
एका जागी विसरलो. दोन ओळी मागं गेलो,
तिथून पुन्हा आलो. ह्या वेळी रस्ता सापडला.
परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला.
कशासाठी, ते मी ठरवलेलं नाही.

निशिगंधा तिसरी आली.
यादीत मी नव्हतो. यादी तीनदा वाचली.
दस्तगीरभाई भोपळ्यांवर गवसणी चढवत म्हणाले,
ह्या तुमच्या वाद्याला झंकार नाही.
स्वर येतो, जातो, मागं हट्ट करत नाही.
हे चांगलं म्हणाले की कसं,
ते विचारेपर्यंत मिरजेची रिक्षा आली.

सोमवारी सौदे होते.
ढिगापाशी वाकलो तर उजवा हात बाहेरच राहिलेला.
हमाल बघत होता.
चार नखं पिवळी,
एक चेंडूचं.
त्याच्यावर अजून हळद चढलेली नाही.